काकांचा पोलिओ अन् भाच्याची सीपी

आमच्या घरी दोन जण असे आहेत की ज्यांच्यासाठी सगळं गाव एकच शब्द वापरतं, पोलिओ. एक माझे काका, वय ५५, बसस्टॉपजवळ पानठेला आहे त्यांचा. दुसरा माझा भाचा, १० वर्षांचा. काकांना खरंच पोलिओ झाला होता. भाच्याला पोलिओ नाही, त्याला सेरेब्रल पाल्सी आहे, सीपी. मराठीत मेंदूचा पक्षाघात म्हणतात पण तसं म्हटलं की आमच्या दारव्ह्याकडचा (यवतमाळ जिल्हा) माणूस म्हातारपणीचा लकवाच समजतो, म्हणून मी आपला सीपीच म्हणतो.

फरक समजायला डॉक्टर लागत नाही, पाय हातात घेतला तरी पुष्कळ कळतं. काकांचा उजवा पाय ओल्या दुपट्ट्यासारखा आहे, उचलला तर उचलला जातो, सोडला तर धपकन पडतो, आणि बारीक किती तर तुराटीसारखा, दुसऱ्या पायापेक्षा आखूडही राहिला. चालताना ते हातानं मांडी-गुडघा मागं दाबून धरतात, नाहीतर गुडघा वाकून खालीच बसतील. भाच्याचं एकदम उलटं. त्याचे पाय ताठ. दोन्ही पाय कैचीसारखे एकमेकांवर चढतात, टाचा टेकत नाहीत, आणि तुम्ही झटक्यानं वाकवायला गेले की पाय अजून कडक होतो, हळूहळू वाकवला तर मात्र ऐकतो. तान्ह्या पोळ्याला आम्ही त्याला व्हीलचेअरवर घेऊन जातो, लाकडी बैल खुर्चीच्या दांडीला बांधून, आणि तिकडं फटाका फुटला की याचं सगळं अंग दांड्यासारखं होतं, लोक म्हणतात घाबरला बिचारा, घाबरलेला नसतो हो, हसतच असतो, पण आवाजानं अंग ताठ होतंच, त्याच्या हातात नाही ते. (सगळीच सीपीची लेकरं अशी ताठ नसतात. काहींचे हातपाय आपोआप हलत राहतात, काहींचा तोल जातो. ताठवाले जास्त सापडतात एवढंच.)

असं का होतं ते मी गावात मोटरीवरून समजावतो. शेतातली मोटर, तिच्यापर्यंत जाणारी वायर आणि पेटीतला स्टार्टर. पोलिओचा विषाणू तोंडावाटे पोटात जातो आणि पाठीच्या कण्यातल्या, स्नायूला हुकूम देणाऱ्या पेशी मारतो, म्हणजे मोटरीला जाणारी वायरच जळाली. मोटर पडून पडून गंजते, तसा पाय वाळतो. पण स्टार्टर, म्हणजे डोकं, एकदम ठणठणीत, आणि पायाला चिमटा काढला तर काका शिवी देतातच, संवेदना कुठंच गेलेली नाही. सीपीमध्ये वायर चांगली, मोटर चांगली, बिघाड स्टार्टरमध्ये. मेंदू वाढत असताना, पोटात असताना किंवा बाळंतपणात किंवा पहिल्या दोन-तीन वर्षांत त्याच्या एखाद्या भागाला मार बसतो, आणि मग करंट चुकीच्या वेळी जातो, जातो तो बंदच होत नाही. भाचा सातव्या महिन्यात झाला, दवाखान्यात काचेच्या पेटीत ठेवलं होतं त्याला. वेळेआधी जन्म हे एक मोठं कारण आहेच, शिवाय जन्मतः लवकर न रडणं, फार चढलेली कावीळ, मेंदूज्वर.

सीपी कोणाकडून कोणाला लागत नाही, तरी आमच्या शेजारच्या बाईनं आपलं बाळ त्याच्या खाटेवर कधी ठेवू दिलं नाही.

आता सुरुवात कशी झाली ते बघा, हा माझ्या मते सगळ्यात पक्का फरक. काका दोन वर्षांचे होते, अंगणात धावायचे, ताप आला आणि दोन-तीन दिवसांत पाय गेला. आजी मरेपर्यंत म्हणायची, "डाक्टरनं सुई लावली अन् माह्या पोराचा पाय गेला." तिचं अर्धं बरोबर होतं. ताप पोलिओचाच होता, आणि विषाणू अंगात असताना सुई दिली तर लुळेपणाचा धोका वाढतो हे खरंच आहे, पण रोग काही सुईतून आला नव्हता. भाच्याचं असं काही गेलंच नाही, कारण आधी आलंच नव्हतं. आठ महिने झाले तरी मान धरेना, मुठी आवळलेल्या, दूध पिताना ठसका. घरचे सगळे म्हणत राहिले की बापही उशिराच चालला होता. या "उशिराच चालतात काही लेकरं"नं किती महिने खाल्ले असतील कुणास ठाऊक.

आणि गंमत म्हणजे या दोन रोगांची गाठ फार पूर्वीच पडलेली आहे. विल्यम जॉन लिटल नावाचा इंग्रज सर्जन, ज्यानं १८६० च्या दशकात कठीण बाळंतपण आणि मुलांचा हा ताठरपणा यांचा संबंध पहिल्यांदा नीट मांडला (बरीच वर्षं सीपीला लिटलचा आजारच म्हणायचे), त्याला स्वतःला लहानपणी पोलिओ होऊन पाऊल वाकडं झालेलं होतं. एकाच माणसात आमचे काका आणि भाचा दोघंही, म्हणा ना.

बरं, नाव चुकलं तर काय बिघडतं असं मला सरपंचानंच विचारलं होतं. सांगतो.

पहिलं म्हणजे माझी बहीण. पोलिओ म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला, "डोस नव्हता पाजला का?" एका रविवारी ती माहेरी निघाली होती, डोस दोन दिवस उशिरा झाला, तेवढ्यावरून दोन वर्षं सासूनं तिला ऐकवलं आणि तिनंही ते खरं मानलं. अरे, भारतात पोलिओच्या जंगली (म्हणजे लसीतून न आलेल्या, मूळ) विषाणूचा शेवटचा रुग्ण सापडला जानेवारी २०११ मध्ये, तोही पश्चिम बंगालात, २७ मार्च २०१४ ला आपल्या दक्षिण-पूर्व आशिया भागाला पोलिओमुक्त सर्टिफिकेट मिळालं, आणि हे पोरगं जन्मलं २०१५ ला! डोस पाजा, शंभर वेळा पाजा, पण डोसानं सीपी थांबत नाही आणि चुकल्यानं होत नाही.

दुसरं, उपचार. पोलिओचा पाय एकदा गेला की गेला, काकांना पायाला बांधायचं लोखंडी कॅलिपर मिळालं आणि तेवढ्यावर आयुष्य निघालं, हल्ली मात्र चांगल्या पायातही थकवा, दुखणं सुरू झालंय, पोलिओ होऊन गेल्यावर कित्येक वर्षांनी असं होतं म्हणे. म्हणून गावाला वाटलं की भाच्याचंही "आता काय होते?" पण सीपीत मेंदूची इजा वाढत नसली तरी ताठ स्नायू तसेच सोडले तर लेकरू वाढेल तसे ते आखडतात, खुबा सरकतो. रोजचा सावकाश ताण, रात्री पायाला बांधायचे स्प्लिंट, उभं राहायची फ्रेम, लागलं तर स्नायू सैल करणारं बोटॉक्सचं इंजेक्शन किंवा ऑपरेशन, हे जितकं लवकर तितकं कामाचं. सीपी बरी होत नाही, लेकरू सुधारतं. आमच्याकडं एक म्हातारा तेल लावून पाय खसाखसा ओढायचा, तो कार्यक्रम फिजिओथेरपिस्टनं पहिल्याच दिवशी बंद केला. गावच्या सुतारानं फोटो बघून कोपऱ्याची खुर्ची, म्हणजे पाठीला आणि दोन्ही बाजूंना आधार देणारी, बनवून दिली, तीत बसवूनच जेवू घालतो. आडवं झोपवून घास भरवू नका, पाणी तर नाहीच, छातीत जातं आणि मग न्यूमोनिया.

तिसरं, कागद. एका शिबिरात भाच्याच्या फॉर्मवर सरळ पोलिओ लिहिलं, बघितलं पण नाही नीट. आता २०१६ च्या दिव्यांग कायद्यात दोघंही बसतात, दोघांनाही यूडीआयडी कार्ड, म्हणजे दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र, मिळतं. पण १९९९ चा नॅशनल ट्रस्ट कायदा सीपी, ऑटिझम, मतिमंदत्व आणि बहुविकलांगता यांच्यासाठी आहे, नुसत्या पोलिओसाठी नाही. त्यातली निरामय विमा योजना, १ लाखापर्यंत, थेरपीचाही खर्च धरून, काकांना नाही पण भाच्याला लागू. एक शब्द चुकीचा आणि तेवढं गेलं. नंतर अंगणवाडीत लेकरं तपासणारी सरकारी बालस्वास्थ्यवाली गाडी आली तेव्हा त्यांनी जिल्हा रुग्णालयातल्या शीघ्र हस्तक्षेप केंद्राची चिठ्ठी दिली, तिथून गाडी रुळावर आली.

उलटीही चूक करू नका. चालतं-खेळतं लेकरू अचानक लुळं पडलं तर ते सीपी नाही. १५ वर्षांखालचं असेल तर त्याच दिवशी आशाताईला किंवा प्राथमिक आरोग्य केंद्राला सांगायचं, शौचाचे नमुने तपासायला जातात, पोलिओ गेलाय म्हणूनच ही तपासणी अजून चालू आहे.

राहिला डोक्याचा प्रश्न. काकांना कोणी वेडं समजत नाही, उधारी तोंडपाठ असते त्यांची. भाच्याचं बोलणं अडखळतं, लाळ गळते, म्हणून पाहुणे त्याच्यासमोर बहिणीला विचारतात, "याले समजते का काही?" सीपीच्या साधारण अर्ध्या मुलांना बौद्धिक अडचण असते, काहींना झटके येतात, म्हणजे बाकीच्या अर्ध्यांना नसते ना! आमचा भाचा "हो"साठी डोळे वर करतो. थांबावं लागतं चार-पाच सेकंद, लोकांकडं तेवढे नसतात.

६ ऑक्टोबरला सीपी दिवस असतो, हिरवा रंग त्याचा. मागच्या वेळी काकांनी ठेल्यावर हिरवी पताका लावली, तर एक गिऱ्हाईक म्हणे, "का हो, तुमच्या घरी दोघांलेही पोलिओ ना?" काका चुना लावता लावता म्हणाले, "पोलिओ माह्या पायाले हाय. त्याले सीपी हाय. थो बसला तिथं, त्यालेच इचार. अन् थांबजो जरा, उत्तर देते तो."