कालच्या ऐवजातून घडणारा उद्या

1981 साली कॅनडात एका तिशीतल्या माणसाला मोटारसायकलवर जबर अपघात झाला. तो वाचला, पण मेंदूला कायमची इजा झाली. संशोधनाच्या जगात तो 'के. सी.' या आद्याक्षरांनी ओळखला जातो. त्याला बुद्धिबळ खेळता येई, गप्पा मारता येत, घरची माणसं ओळखता येत. पण स्वतःच्या आयुष्यातला एकही प्रसंग त्याला आठवत नव्हता. भाऊ वारला हे ठाऊक होतं, पण ती बातमी कळली तो क्षण मात्र पार पुसलेला होता.

मानसशास्त्रज्ञ एंडेल टल्विंग यांनी त्याला विचारलं, उद्या काय करणार? के. सी.ला काही सांगता येईना. मनात काय दिसतं, तर सगळं कोरं. मागे वळून पाहतानाही नेमकं तेच कोरेपण होतं.

मला या नोंदीचं फार मोल वाटतं. स्मृती म्हणजे जुन्या वस्तूंची माळ्यावरची पेटी, असं आपण धरून चालतो. पण 2007 मध्ये लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजमध्ये मेंदू-संशोधक डेमिस हसाबिस आणि सहकाऱ्यांनी, आठवणींसाठी महत्त्वाच्या असलेल्या मेंदूतल्या हिप्पोकॅम्पस या भागाला इजा झालेल्या रुग्णांना समुद्रकिनाऱ्यासारखे साधे प्रसंग कल्पनेनं रंगवायला सांगितले. बहुतेकांची चित्रं तुटक, विस्कळीत निघाली. आठवणं आणि कल्पना करणं या दोन्ही कामांना मेंदू बऱ्याच अंशी एकच यंत्रणा वापरतो. कालचे तुकडे जोडूनच तो उद्या रचतो.

म्हणूनच 'मला आयुष्यात नक्की काय करायचंय?' या प्रश्नाशी झुंजणाऱ्याला 'पुढे बघ, मागचं उगाळू नकोस' असं सांगणं मला अपुरं वाटतं. पुढचं बघायला लागणारा ऐवज मागेच आहे. फक्त तो तयार उत्तराच्या रूपात सापडत नाही.

बाबा आमट्यांचंच बघा. वरोऱ्यात वकिली करणाऱ्या या निडर माणसाला एका पावसाळी दिवशी रस्त्याकडेला कुष्ठरोगानं शेवटच्या अवस्थेला पोचलेला माणूस दिसला. ते घाबरले आणि तिथून पळाले. त्या क्षणी त्या प्रसंगात ध्येयबिय काही नव्हतं, निव्वळ भीती होती. पण ती भीती त्यांना सोडेना. ते परत गेले, त्या माणसाची सेवा केली. पुढे कोलकात्याला जाऊन त्यांनी कुष्ठरोगावरच्या उपचारांचं शिक्षण घेतलं आणि आनंदवन उभं राहिलं. आपण पळालो, ही गोष्ट ते स्वतः सांगत राहिले. कुष्ठरुग्ण त्या काळी अनेकांना दिसत होते. आमटे आपल्याच पळण्यापाशी पुन्हा पुन्हा आले, तिथे काहीतरी वेगळं घडलं.

अमेरिकी मानसशास्त्रज्ञ डॅन मॅकअॅडम्स यांनी अनेक वर्षं लोकांच्या जीवनकथा ऐकल्या. पुढच्या पिढीसाठी झटणाऱ्या प्रौढांच्या कथांमध्ये त्यांना एक वळण वारंवार दिसलं: वाईट प्रसंग येतो आणि त्यातूनच काही चांगलं उगवतं. अर्थात प्रत्येक दुःखातून काही उगवायलाच हवं, अशी सक्ती कुणावर करू नये. काही दुःखं नुसती दुःखंच असतात.

मागे बघणं आणि मागचं चघळत बसणं यातला फरक कसा ओळखायचा? अमेरिकी मानसशास्त्रज्ञ जेम्स पेनेबेकर यांनी 1986 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात विद्यार्थ्यांना सलग चार दिवस, रोज 15 मिनिटं, आयुष्यातल्या क्लेशदायक अनुभवावर लिहायला लावलं. घटना आणि भावना दोन्ही लिहिणाऱ्यांच्या दवाखान्याच्या फेऱ्या पुढच्या काही महिन्यांत इतरांपेक्षा कमी भरल्या. पुढे अशा लेखनातले शब्द मोजले गेले. ज्यांच्या लेखनात दिवसागणिक 'कारण', 'म्हणून', 'आता कळतंय' या जातीचे शब्द वाढत गेले, त्यांना अधिक लाभ झालेला दिसला. पहिल्याच दिवशी सुसंगत गोष्ट लिहून मोकळे झालेल्यांपेक्षा, चौथ्या दिवसापर्यंत ती हळूहळू जुळवत नेणाऱ्यांना.