विमानमार्गाचे अंतर आणि प्रवासकाळ

दोन विमानतळांमधले पृथ्वीच्या पृष्ठभागावरून मोजलेले कमीत कमी अंतर म्हणजे त्यांचे हवाई अंतर. ते किलोमीटरमध्ये किंवा सागरी मैलांत (१ सागरी मैल = १.८५२ किमी) सांगतात. हे अंतर कायम राहते. ते कापायला लागणारा वेळ मात्र रोज वेगळा असतो.

सपाट नकाशावर पट्टी ठेवून हे अंतर मिळत नाही. पृथ्वीगोलावर दोन शहरांमध्ये दोरा ताणून धरला, की तो ज्या रेषेत स्थिरावतो तो बृहद्वृत्ताचा (गोलाचे दोन समान भाग करणाऱ्या वर्तुळाचा) कंस, आणि तोच सर्वांत जवळचा मार्ग. टोकियो आणि सॅन फ्रान्सिस्को यांच्या अक्षांशांत जेमतेम दोन अंशांचा फरक आहे, तरी त्यांच्यामधला दोरा उत्तरेला, अलास्काजवळच्या अल्यूशन बेटांकडे झुकतो. ६०° उत्तर अक्षांशावर पृथ्वीच्या अगदी विरुद्ध बाजूंना असलेल्या दोन ठिकाणांत अक्षवृत्तावरून गेल्यास सुमारे १०,००० किमी पडतात, उत्तर ध्रुवावरून गेल्यास अवघे ६,६७० किमी. हिशेबात अक्षांश-रेखांश आणि पृथ्वीची सरासरी त्रिज्या (६,३७१ किमी) वापरतात.

प्रत्यक्ष मार्ग याहून थोडा लांबच असतो. वादळे टाळावी लागतात, हवाई क्षेत्रे बंद असतात. २०२२ मध्ये रशियाचे आकाश बंद झाल्यावर हेलसिंकी–टोकियो प्रवास साडेनऊ तासांवरून तेराच्या घरात गेला.

मोठी जेट विमाने ताशी ८५० ते ९०० किमी वेगाने जातात. मात्र वेळापत्रकातला काळ गेटवरून निघाल्यापासून गेटला लागेपर्यंतचा असतो. धावपट्टीपर्यंतची रांग, चढण, उतरण हे सगळे त्यात येते, म्हणून छोट्या उड्डाणांत अंतर भागिले वेग हे गणित फसते.

वेळेतल्या रोजच्या फरकात सर्वांत मोठा वाटा वाऱ्याचा. मध्य अक्षांशांत, विमाने उडतात त्याच उंचीवर जेट प्रवाह, म्हणजे अतिवेगवान वाऱ्याचा पट्टा, पश्चिमेकडून पूर्वेकडे वाहतो. लंडन–न्यूयॉर्क अंतर साधारण ५,५५० किमी. ताशी ९०० किमी वेगाला ते ६ तास १० मिनिटांचे. ताशी १५० किमी वारा पाठीशी असेल, तर ५ तास १७ मिनिटे. तोच समोरून आला, तर ७ तास २४ मिनिटे. जाता-येता वारा फिटंफाट होतो असे वाटते, पण बेरीज करून पाहावी: वाऱ्याविना १२ तास २० मिनिटे, वाऱ्यासह १२ तास ४१. कारण विरुद्ध वाऱ्यात विमान जास्त वेळ अडकून राहते. फेब्रुवारी २०२० मध्ये वादळी वाऱ्याच्या जोरावर एक बोइंग ७४७ न्यूयॉर्कहून लंडनला ४ तास ५६ मिनिटांत पोहोचले होते.

तिकिटावरच्या दोन्ही वेळा स्थानिक असतात. त्यांची थेट वजाबाकी न करता दोन्ही आधी जागतिक प्रमाणवेळेत आणाव्यात. संध्याकाळी टोकियोहून निघालेला प्रवासी वाटेत आंतरराष्ट्रीय वाररेषा ओलांडतो आणि सॅन फ्रान्सिस्कोला त्याच तारखेच्या सकाळी उतरतो.