वाढत्या मुलाचा कृत्रिम पाय

प्रौढ माणसाचा पाय कापावा लागला, तर जखम भरल्यावर उरलेल्या भागाचा आकार काही महिन्यांत स्थिरावतो आणि त्यावर बेतलेला कृत्रिम पाय बरीच वर्षे चालतो. चार-पाच वर्षांच्या मुलाचे तसे नसते. त्याची हाडे अजून दहा-बारा वर्षे वाढायची असतात, आणि लांबीची ही वाढ टोकांजवळच्या कूर्चेच्या पातळ चकत्यांमध्ये होते. मांडीच्या हाडाची सुमारे ७० टक्के वाढ गुडघ्याजवळच्या चकतीतून होते. लहानपणी गुडघ्याच्या वर पाय कापला गेला, तर ती चकतीच जाते. आज पुरेशी लांब वाटणारी मांडी मूल सोळा वर्षांचे होईपर्यंत दुसरीच्या मानाने इतकी आखूड राहते की कृत्रिम पाय पेलण्यास ती अपुरी पडते. म्हणून मुलांच्या बाबतीत शल्यचिकित्सक शक्य तेथे गुडघा राखतात, आणि तो राखता येत नसेल तर हाड मधून कापण्याऐवजी सांध्यातून पाय वेगळा करणे पसंत करतात.

हाड मधून कापले गेले, तर मुलांमध्ये त्या टोकावर नवे हाड साचत जाते, ते टोक काढलेल्या पेन्सिलीसारखे निमुळते होते आणि आतून कातडीला टोचू लागते. गुडघ्याखालच्या दोन हाडांपैकी बाहेरच्या बारीक हाडात हे अधिक आढळते, आणि काही मुलांना त्यासाठी पुन्हा शस्त्रक्रिया करून घ्यावी लागते. आधी कल्पना दिलेली नसेल, तर पहिल्याच वेळी काही चुकले असे आईवडिलांना वाटते. प्रत्यक्षात वाढत्या हाडाची ती रीतच असते.

पाय गमावण्याची कारणे निरनिराळी असतात: अपघात, जंतुसंसर्ग, हाडाचा कर्करोग, जन्मजात व्यंग. कोकणात त्यांत एका टाळता येण्याजोग्या कारणाची भर घालावी लागते. फुरसे चावल्यावर पायाला करकचून बांधलेली दोरी विष रोखत नाही, पण रक्तपुरवठा मात्र तोडते, आणि दंशापेक्षा त्या गाठीनेच पाय जाण्याची वेळ येऊ शकते.

शस्त्रक्रियेनंतरचे पहिले काही आठवडे सूज उतरवण्याचे असतात. क्रेप बँडेज इंग्रजी आठच्या आकड्यासारखे, खाली घट्ट आणि वर सैल होत जाईल असे बांधतात. उलटे झाले तर सूज टोकाशीच अडकते. घरी मायेपोटी होणारी एक गोष्ट मात्र घातक ठरते, ती म्हणजे गुडघ्याखाली उशी ठेवणे. वाकलेल्या स्थितीत राहिलेला सांधा काही आठवड्यांत तसाच आखडतो, आणि आखडलेल्या गुडघ्यावर चांगला पायही नीट बसत नाही. पडवीत सतरंजीवर पालथे पडून चित्रे काढणारे मूल नकळत योग्य तोच व्यायाम करत असते. या काळात नसलेल्या पायाची बोटे खाजतात असे त्याने सांगितले, तर तो बहाणा नव्हे. मेंदूतला त्या पायाचा नकाशा अजून शिल्लक असतो. अगदी लहान वयात पाय गेलेल्यांना हा त्रास सहसा कमी होतो.

मग माप घेतले जाते. उरलेल्या पायावर पातळ सुती मोजा चढवून, गुडघ्याची वाटी, नडगीची कड अशा ज्या जागी हाड कातडीलगत येते तेथे तंत्रज्ञ ओल्या प्लास्टरवर उमटणाऱ्या पेन्सिलीने खुणा करतात. वरून प्लास्टर गुंडाळले की त्या खुणा साच्याच्या आतल्या बाजूस उतरतात. साच्यात प्लास्टर ओतून पायाची प्रतिकृती बनते. दाब सोसणाऱ्या जागी ती तासतात, नाजूक जागी तिच्यावर भर घालतात आणि तिच्यावरून सॉकेट, म्हणजे उरलेला पाय ज्यात बसतो ती कृत्रिम पायाची खोबण, तयार होते. सारे यश या सॉकेटवर अवलंबून असते. खालचे पाऊल कितीही उत्तम असले तरी सॉकेट बोचत असेल, तर मूल तो पाय खुशाल कोपऱ्यात ठेवून एका पायावर उड्या मारत खेळायला जाते, आणि त्याचे काही चुकत नाही.

पावलाची निवड मात्र कोकणात विचारपूर्वक करावी लागते. घरात बूट घालत नाहीत, जेवायला मांडी घालून बसतात, वाट जांभ्याच्या पाखाडीची, म्हणजे दगडी पायऱ्यांची, असते, पावसात तिच्यावर शेवाळ धरते आणि पुढे पुळण किंवा भाताचा चिखल असतो. जयपूरमध्ये १९६८ च्या सुमारास कारागीर रामचंद्र शर्मा आणि डॉ. प्रमोद करण सेठी यांनी विकसित केलेले रबरी पाऊल अशाच राहणीसाठी होते. ते अनवाणी वापरता येते, पाण्यात चालते आणि खडबडीत जमिनीवर बाजूंनाही थोडे वळते. गुडघ्याचा सांधा लोखंडी असेल, तर खाऱ्या हवेत त्याच्या गंजाकडे मात्र लक्ष ठेवावे लागते.

चालणे मुले चटकन शिकतात. मोठ्यांना सांगून, समजावून तोल शिकवावा लागतो. मुलाच्या पुढे चेंडू टाकला की ते वजन आपोआप कृत्रिम पायावर घेते. खरी अडचण पुढे, पाय लहान पडू लागल्यावर येते. पाच वर्षांपर्यंत साधारण दरवर्षी आणि त्यानंतर बारा वर्षांपर्यंत दर दोन वर्षांनी नवा पाय लागतो. मुंबईला हाजीअलीच्या पुनर्वसन संस्थेत जायचे, तर सिंधुदुर्गातल्या कुटुंबाची मजुरी बुडते, त्यामुळे ‘अजून चालतोय ना’ म्हणत फेरी लांबते. दिव्यांगांना सहाय्यक साधने देणाऱ्या केंद्र सरकारच्या एडिप योजनेत साहित्य पुन्हा मिळण्यासाठी एरवी तीन वर्षे थांबावे लागते, पण बारा वर्षांखालील मुलांसाठी ही मुदत एकच वर्षाची आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

कधी जायचे ते घरीच ओळखता येते. पाय काढल्यावर कातडीवरची लाली दहा-पंधरा मिनिटांत मावळली नाही, सॉकेट घट्ट बसावे म्हणून आत आधी दोन मोजे लागत तेथे आता एकही मावत नाही, किंवा मूल सरळ उभे असताना कमरेची कृत्रिम पायाकडची बाजू खाली कलते, यांपैकी काहीही दिसले तर पुढच्या सुट्टीची वाट पाहू नये. आखूड पायावर महिनोन् महिने चालल्यास पाठीचा कणाही वाकडा राहू लागतो. दमट हवेत घामाने सॉकेटमध्ये बुरशी धरते, म्हणून ते रोज रात्री साबणाच्या ओल्या फडक्याने पुसून वाळवावे आणि मोजे रोज धुवावेत. पावसाळ्यात ते वाळत नाहीत, तेव्हा चार-पाच जोड हाताशी हवेत.