शंभर वॅटचा आवाज: सामुदायिक रेडिओची पार्श्वभूमी

भारतात सामुदायिक रेडिओची, म्हणजे स्थानिक लोकांसाठी त्यांच्याच सहभागाने चालणाऱ्या छोट्या रेडिओ केंद्रांची, वाट क्रिकेटच्या मैदानातून निघाली. १९९३ च्या हीरो कप सामन्यांच्या प्रक्षेपणावरून उद्भवलेल्या वादाचा निकाल देताना सर्वोच्च न्यायालयाने फेब्रुवारी १९९५ मध्ये, प्रसारणाच्या लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे बजावले. न्यायमूर्ती पी. बी. सावंत यांचा तो निकाल म्हणजे १८८५ च्या तार कायद्यावर उभ्या असलेल्या सरकारी मक्तेदारीला बसलेला पहिला मोठा धक्का होता.

तरीही २००२ मध्ये सामुदायिक रेडिओचे धोरण आले ते फक्त शिक्षणसंस्थांपुरते, आणि २००४ मध्ये चेन्नईच्या अण्णा विद्यापीठाचे केंद्र सुरू झाले. विद्यापीठाचे आवार म्हणजे गाव नव्हे, ही उणीव तेव्हाच जाणवायला हवी होती.

तेलंगणच्या झहीराबाद भागातील माचनूर गावात दलित शेतकरी बायका परवान्याची वाट पाहत हातावर हात धरून बसल्या नव्हत्या. बियाणे, पिके, ओव्या, दुखणीखुपणी हे सारे आपल्याच बोलीत ध्वनिमुद्रित करून त्या कॅसेट गावोगावच्या संघमच्या, म्हणजे बायकांच्या गटांच्या, बैठकींत लावत. नोव्हेंबर २००६ मध्ये स्वयंसेवी संस्थांनाही परवाने खुले झाले आणि १५ ऑक्टोबर २००८ रोजी या बायकांचा 'संघम रेडिओ' हवेत गेला. साताऱ्यात म्हसवडची 'माणदेशी तरंग वाहिनी' त्याच वर्षीची.

या धोरणात साधारण शंभर वॅटची, म्हणजे जुन्या पिवळ्या बल्बाएवढी, प्रक्षेपणशक्ती ठरवून देण्यात आली, तिचा आवाका पाच-दहा किलोमीटरच राहिला आणि निम्मे कार्यक्रम स्थानिकांच्या सहभागातून तयार करण्याची अट घालण्यात आली. माझ्या मते ही मर्यादाच खरे संरक्षण आहे, कारण इतक्या छोट्या टापूत मोठ्या व्यापारी वाहिनीला रस नसतो.

धोका आला तो दुसऱ्या बाजूने. २०१२ मध्ये लहरींचे वार्षिक शुल्क १९,७०० रुपयांवरून ९१,००० वर नेण्यात आले. ज्या केंद्राचा महिन्याचा खर्च देणग्यांवर भागतो त्याला हा आकडा गळफासच होता, आणि देशभरातील केंद्रांनी निषेध केल्यानंतरच ती वाढ मागे घेण्यात आली.

सामुदायिक रेडिओवर बातम्या देण्यास असलेली बंदी मात्र टिकली. नंतर आकाशवाणीच्या बातम्या ऐकवण्याची मुभा मिळाली, पण गावच्या ग्रामसभेत काय ठरले हे गावच्याच रेडिओला बातमी म्हणून स्वतः सांगता येत नाही.