युद्धखेळांच्या चित्रकथा

युद्धखेळांच्या चित्रकथा : पटावर, टेबलावर मांडलेल्या पुतळ्यांनिशी किंवा संगणकावर प्रत्यक्ष खेळून झालेली एखादी लढत चौकटी, संवादाचे फुगे आणि निवेदन यांतून कॉमिकसारखी सांगण्याचा प्रकार. कोण जिंकले, कोणती तुकडी कुठे अडली, कोणता रणगाडा कधी पेटला हे खेळातून आलेले असते. माणसे, त्यांचे बोलणे आणि प्रसंग कोणत्या बाजूने पाहायचा हे कथा रचणारा ठरवतो. वॉरगेम खेळणाऱ्यांत लढत आटोपल्यावर तिचा वृत्तांत लिहिण्याची जुनी रीत आहे. लष्कराकडून उचललेल्या नावाने त्याला ‘आफ्टर ॲक्शन रिपोर्ट’ किंवा नुसते ‘एएआर’ म्हणतात. चित्रकथा त्याच घराण्यातली, पण तिचा वाचक वेगळा असतो. एएआर वाचणाऱ्याला डावपेच समजून घ्यायचे असतात आणि नियम त्याला पाठ असतात. चित्रकथेच्या वाचकाने आयुष्यात फासा टाकलेला नसला तरी चालते.

सगळेच युद्धखेळ या कामाला चालत नाहीत. ज्यात एक सोंगटी म्हणजे हजारो सैनिकांची अख्खी डिव्हिजन आणि एक चाल म्हणजे आठवडा, अशा खेळाची गोष्ट करायला गेले की नकाशावरचे बाण तेवढे हाती लागतात. चित्रकथा जमते ती ‘टॅक्टिकल’ म्हणजे लहान पातळीवरच्या खेळांची. अ‍ॅव्हलॉन हिल या अमेरिकी कंपनीने १९७७ मध्ये काढलेला, जॉन हिल यांनी रचलेला ‘स्क्वॉड लीडर’ हा त्यातला मैलाचा दगड. त्याच्या पटावरचे एक षटकोनी घर साधारण ४० मीटरचे, एक डाव (म्हणजे चालींची एक फेरी) साधारण दोन मिनिटांचा आणि एक सोंगटी म्हणजे दहाएक सैनिकांचे पथक. पथकाचे नेतृत्व करणाऱ्या अंमलदाराची मात्र वेगळी सोंगटी. म्हणजे खेळाच्या रचनेतच एक माणूस बाकीच्यांपासून सुटा काढलेला आहे, आणि कथेला नायक म्हणून तोच सापडतो. १९८३ चा ‘ॲम्बुश!’ त्याच्याही पुढे गेला. एकट्याने खेळायच्या या खेळात आपल्या पथकातला प्रत्येक सैनिक खेळाडू आधी घडवतो आणि पुढे काय झाले ते पुस्तिकेतले परिच्छेद उघडून वाचतो. या खेळाची गोष्ट करायला वेगळे कष्ट नाहीत, ती खेळतानाच निम्मी झालेली असते.

पूर्वपीठिका : खेळातल्या लढाईची गोष्ट सांगण्याची हौस संगणकाहून आणि कॉमिकच्या पुस्तकांहूनही जुनी आहे. कादंबरीकार रॉबर्ट लुई स्टीव्हन्सन १८८१-८२ च्या हिवाळ्यात स्वित्झर्लंडमधील दाव्होस येथे प्रकृतीसाठी राहिले होते. तिथे सावत्र मुलगा लॉइड ऑस्बोर्न याच्याबरोबर ते पोटमाळ्याच्या जमिनीवर रंगीत खडूंनी मुलूख आखून शिशाच्या सैनिकांची मोहीम खेळत. मोहिमेच्या बातम्या स्टीव्हन्सन खोट्या वर्तमानपत्रांच्या थाटात लिहून काढत; त्यांत सेनापतींना झोडपणारे वार्ताहरही होते. हे लिखाण ‘स्क्रिब्नर्स’ मासिकात १८९८ मध्ये आले. पुढे इंग्रज कादंबरीकार एच. जी. वेल्स यांनी १९१३ मध्ये ‘लिटल वॉर्स’ हे पुस्तक लिहिले. स्प्रिंगच्या तोफेतून लाकडी गोळे उडवून खेळायच्या या खेळाचे नियम त्यात आहेतच, शिवाय ‘हुक्स फार्म’ची लढाई आहे. ती सांगतो ‘जनरल एच. जी. डब्ल्यू.’, निवृत्त सेनापतींच्या आत्मचरित्रांत आढळणाऱ्या फुशारकीच्या सुरात. आणि सोबत पुतळ्यांची छायाचित्रे. लढत खरी खेळलेली, निवेदक कल्पित, चित्रे टेबलावरची: आजच्या प्रकाराची तिन्ही अंगे तिथे एकत्र आलेली दिसतात. फुगे तेवढे नव्हते.

फुगे आले युद्धकॉमिकमधून. हार्वे कर्ट्झमन यांनी १९५० पासून ईसी कॉमिक्ससाठी संपादित केलेल्या ‘टू-फिस्टेड टेल्स’मध्ये सैनिकाच्या डोळ्यांच्या उंचीवरून युद्ध दाखवण्याची शिस्त होती. ब्रिटनमध्ये डी. सी. थॉमसनने १९६१ मध्ये सुरू केलेल्या ‘कमांडो’ने खिशात मावणारी कृष्णधवल पुस्तिका रूढ केली. पानावर मोजक्याच मोठ्या चौकटी आणि एका अंकात एक संपूर्ण गोष्ट, हा साचा वॉरगेमच्या एका लढतीला फिट बसतो. या चित्रकथांवर कमांडोची छाप सर्वांत ठळक आहे, आणि त्याचे काही दुर्गुणही. विशेषतः गोळी लागताच ‘आऽऽऽ’ करून दोन्ही हात वर फेकणारा शत्रू.

खेळातून कथा निपजण्याची शेजारची उदाहरणेही आहेत. जपानमध्ये ‘कॉम्प्टिक’ मासिकात १९८६ पासून ‘डन्जन्स अँड ड्रॅगन्स’ या पात्रे वठवून खेळायच्या खेळाच्या बैठकांचे संवादरूप वृत्तांत येऊ लागले. त्यांतून ‘रेकॉर्ड ऑफ लोडोस वॉर’ ही कादंबरीमाला आणि पुढे मांगा म्हणजे जपानी कॉमिक उभी राहिली. टॉम क्लॅन्सी आणि लॅरी बाँड यांनी ‘रेड स्टॉर्म रायझिंग’ (१९८६) लिहिताना सागरी चकमकी बाँड यांच्याच ‘हार्पून’ या युद्धखेळावर खेळून तपासल्या. पोकेमॉनच्या खेळात स्वतःवर कडक नियम लादून घेऊन तो प्रवास हास्यचित्रांत मांडणारे ‘नझलॉक’ २०१० मध्ये आले, आणि गंमत अशी की चित्रांपेक्षा तो नियमच जगभर गाजला. उलटा प्रवास ‘टीम यांकी’चा. ही १९८७ ची कादंबरी. १९८९ मध्ये फर्स्ट कॉमिक्सने तिचे कॉमिक केले आणि २०१५ मध्ये तिच्याच नावाने छोट्या रणगाड्यांचा टेबलावरचा खेळ निघाला. आता त्या खेळातल्या लढतींच्या सचित्र गोष्टी खेळाडू सांगतात.

रचना : काम सुरू होते ते नोंदीपासून. पटावरचा खेळ असेल तर दर डावाच्या शेवटी वरून एक छायाचित्र आणि वहीत फाशांची नोंद. ‘व्हॅसल’सारख्या प्रणालीवर पट संगणकात मांडला असेल तर प्रत्येक चाल आपोआप टिपली जाते. एवढे करूनही हाती येते ती जंत्री. एका मध्यम लढतीत फाशांच्या शे-दोनशे फेकी सहज होतात आणि त्यांतल्या बहुतेकांनी काहीच घडलेले नसते. नवखे लोक इथेच फसतात. डाव पहिला, डाव दुसरा असे क्रमाने सगळे काढत जातात आणि तिसऱ्या डावापाशी त्यांचा आणि वाचकाचा दम एकदमच संपतो.

निवड कशी होते ते एका नियमावर पाहता येईल. ‘अ‍ॅडव्हान्स्ड स्क्वॉड लीडर’मध्ये (१९८५) गोळीबाराखाली आलेल्या पथकाला दोन फासे टाकून मनोधैर्याची चाचणी द्यावी लागते. दोन्हींवर एक-एक पडला तर ‘हीट ऑफ बॅटल’ हा नियम लागू होतो. मग पुढची फेक ठरवते की त्या पथकातून एखादा वीर निपजेल, पथक आणखी कणखर होईल, बेभान होईल की हात वर करील. बेभान झालेल्या पथकाला दिसणाऱ्या सर्वांत जवळच्या शत्रूवर धावून जावेच लागते, मधे मशिनगन असो की उघडे मैदान. खेळाडूच्या दृष्टीने हा वैताग असतो. नीट आखलेला हल्ला एका पथकाच्या वेडाने उधळतो. कथेच्या दृष्टीने मात्र साऱ्या लढतीत एवढी एकच फेक पुरेशी असते. स्टालिनग्राडमधल्या एखाद्या इमारतीच्या दारात ते पथक आहे असे धरू. पहिल्या चौकटीत चुना झडलेली भिंत आणि डोके खाली घातलेली माणसे. दुसरीत एकाचाच चेहरा. तिसरीत दार रिकामे. चौथी वरून, रस्ता ओलांडणारे ठिपके, आणि पाचवीत पलीकडच्या खिडकीतला मशिनगनवाला, त्याच्या तोंडी अविश्वासाचा एक शब्द. खेळात हे सारे दोन मिनिटांचे आणि एका चालीचे. तो माणूस का उठला याचे उत्तर फाशाकडे नाही. ते रचणाऱ्याला द्यावे लागते, किंवा मुद्दाम न देता सोडावे लागते.

दुसरा प्रश्न नजरेचा. खेळाडू पटाकडे वरून पाहतो आणि त्याला बहुतेक सगळे दिसते. सैनिकाला समोरचे कुंपण दिसते. कॉमिकमध्ये या दोन्ही नजरा लागतात, आणि त्यांचे प्रमाण साधणे हीच यातली खरी कारागिरी. नकाशाची चौकट अजिबात दिली नाही तर कोण कुठून गोळ्या झाडतोय ते वाचकाला कळत नाही. फार दिल्या तर पुन्हा एएआर होतो. चांगल्या कथांत सुरुवातीला एक मोठा नकाशा येतो आणि नंतर स्थळ बदलले तरच एखादा लहान. मधला वेळ दोन चौकटींमधल्या मोकळ्या जागेत जिरवला जातो. त्या जागेत वाचक स्वतःच घटना जोडून घेतो, हे स्कॉट मॅक्लाउड यांनी १९९३ मध्ये कॉमिकच्या मीमांसेत दाखवून दिले होते, आणि ठरावीक मिनिटांच्या डावांत तुटलेल्या युद्धखेळाला ते फारच सोयीचे पडते.

संगणकावर काम वेगळे चालते. बॅटलफ्रंट कंपनीच्या ‘कॉम्बॅट मिशन’ मालिकेत (पहिला खेळ २०००) दोन्ही बाजू आपापले हुकूम देतात आणि मग ६० सेकंदांची लढाई आपोआप उलगडते. ती मागे-पुढे फिरवून, कॅमेरा गवताच्या उंचीपर्यंत खाली आणून हवी तितकी वेळा पाहता येते. त्या एका मिनिटात हवा तो क्षण शोधणे हे छायाचित्रकाराचे काम: रणगाड्याचा बुरूज वळायला लागलेला आहे, तोफ अजून उडालेली नाही, आणि खंदकातल्या एकाचे डोके त्या दिशेला वळलेले आहे. अर्ध्या सेकंदानंतर सगळे धुरात जाते. सुरुवातीच्या खेळांत सारे पथक तीन आकृत्यांनी दाखवले जाई. २००७ च्या ‘शॉक फोर्स’पासून प्रत्येक सैनिक स्वतंत्र दिसू लागला आणि तेव्हापासून स्क्रीनशॉटवर आधारलेल्या कथा जास्त पटण्याजोग्या झाल्या. चेहरे मात्र अजून लाकडी आहेत. म्हणून जाणते रचणारे जवळचा चेहरा टाळतात. पाठ, हेल्मेट, सावली यांवर भागवतात आणि भावना फुग्यात ठेवतात.

पाने जुळवायला ‘कॉमिक लाइफ’सारखी (२००५) तयार साधने आहेत. स्क्रीनशॉटवर शाईचा किंवा जुन्या छपाईच्या ठिपक्यांचा परिणाम चढवला की खेळाची चकचकीत झाक जाते आणि चौकटी एका हातच्या वाटू लागतात. २०२२ पासून मजकुरावरून चित्र काढून देणारी साधने आल्यावर ज्यांना रेघही ओढता येत नाही अशांचीही सोय झाली. तरी तिथे एकाच सैनिकाचा चेहरा दहा चौकटींत तोच ठेवणे जिकिरीचे असते, आणि बंदुकांचा तपशील चुकतो. या छंदातला वाचक चेहरा बदललेला चालवून घेईल, पण रणगाड्याची चाके मोजल्याशिवाय राहत नाही.

फाशांशी इमान : लढत खेळताना जे झाले त्यात कथेसाठी किती फेरफार करावा याबद्दल एकमत नाही. काहीजण फेक चौकटीच्या कोपऱ्यात छापतात. काहीजण फाशांचा उल्लेखही करत नाहीत आणि गरज पडली तर दोन डावांतल्या घटना एकत्र करतात. बखरकारांचा रिवाज इथे आठवतो. पानिपतावर कोण पडले ते त्यांना बदलता येत नव्हते, पण सदाशिवरावभाऊ आणि सरदार एकमेकांशी काय बोलले ते त्यांनी बेधडक रचले. चित्रकथांतही ही मर्यादा पाळली जाते तोवर गोष्ट टिकते. निकालालाच हात लावला की ती साधी काल्पनिक युद्धकथा होते, आणि तशा तर पुष्कळ आहेत. या प्रकाराची लज्जत अशी की नायक म्हणून निवडलेला सार्जंट दुसऱ्याच डावात एका भरकटलेल्या गोळ्याने मरू शकतो, आणि रचणाऱ्याला उरलेली पाने दुसऱ्या कुणाच्या खांद्यावर टाकावी लागतात. कादंबरीकार असे सहसा करत नाही. युद्धात ते होत असते.

युद्धखेळांचे अभ्यासक पीटर पर्ला आणि एड मॅकग्रेडी यांनी २०११ मध्ये ‘नेव्हल वॉर कॉलेज रिव्ह्यू’त मांडलेल्या लेखाचा आशय याच्या जवळचा आहे. युद्धखेळाचा परिणाम होतो तो खेळाडू त्यात एक गोष्ट जगत असतो म्हणून, असे त्यांचे म्हणणे. लष्करी प्रशिक्षणातही चित्रकथा नवी नाही. अमेरिकी लष्कराने १९५१ पासून कॉमिककार विल आयस्नर यांच्याकडून वाहने आणि शस्त्रांच्या देखभालीवरचे ‘पीएस’ मासिक कॉमिकच्या रूपात करवून घेतले होते. पण छंद म्हणून केलेल्या कथांचा त्याच्याशी थेट संबंध जोडणे ताणल्यासारखे होईल.

आधुनिक लढायांचा प्रश्न : दुसऱ्या महायुद्धाच्या कथांना काळाचे अंतर मिळालेले असते. आजच्या शस्त्रांचे खेळ हे अंतर देत नाहीत. ‘शॉक फोर्स’ने २००८ सालचे सीरियावरील काल्पनिक आक्रमण रंगवले, २०११ पासून त्या देशात खरे यादवी युद्ध पेटले. ‘ब्लॅक सी’ या त्याच मालिकेतल्या खेळाने २०१७ च्या उन्हाळ्यात युक्रेनमध्ये रशिया आणि नाटो यांची टक्कर कल्पिली होती. फेब्रुवारी २०२२ नंतर त्या नकाशांवरची शेते, बसथांबे आणि पाच मजली इमारती बातम्यांत दिसू लागल्या. त्याआधी केलेल्या कथेतला एखादा फाजील विनोद आज वाचवत नाही. यावर अनेकजण कल्पित देश आणि कल्पित चिन्हे वापरतात. काही कथा नागरिकांना मुळीच दाखवत नाहीत, कारण खेळातही ते नसतात; पण मग गावातली लढाई रिकाम्या घरांची होते आणि खेळातून आलेला तो खोटेपणा चित्रात दुप्पट जाणवतो. एखाद्या खिडकीत वाळत घातलेले कपडे चितारले तरी फरक पडतो.

हक्क आणि प्रसार : पटावरची चित्रकला, सोंगट्यांची रचना आणि संगणकी दृश्ये यांवर सामान्यतः प्रकाशकाचा हक्क असतो. या कथा बहुधा फुकट, पीडीएफच्या रूपात वाटल्या जातात आणि खेळाचे नाव पहिल्या पानावर दिले जाते. जाहिरातच होत असल्याने बरेच प्रकाशक त्याकडे काणाडोळा करतात, पण पैसे घेऊन विकायचे असेल तर लेखी परवानगी लागते. स्वतःच्या हाताने काढलेल्या कथेचे तसे नाही. खेळाचे नियम वापरून घडलेला घटनाक्रम हा सहसा कुणाच्या मालकीचा मानला जात नाही, त्यामुळे चित्रे, नावे आणि संवाद स्वतःचे असतील तर ती कथा रचणाऱ्याचीच ठरते.