मोसंबी (परसबागेतली लागवड)

मोसंबी हे लिंबूवर्गातलं सदाहरित झाड, शास्त्रीय नाव सिट्रस सायनेन्सिस. जगभर ज्याला ऑरेंज म्हणतात ते खरं हेच, आपलं नागपुरी संत्रं मँडरिन गटातलं, त्यामुळे पुण्यातला ज्यूसवाला ‘ऑरेंज का मोसंबी?’ विचारतो तेव्हा शास्त्राच्या हिशोबाने तो उलटंच विचारत असतो. इंग्रजीत मोसंबीला स्वीट लाईम म्हणतात तेही चूक, साखरलिंबू वेगळं.

हे झाड पपनस आणि मँडरिन यांच्या संकरातून आलं हे जनुकीय अभ्यासांमुळे आता बहुतेकांना मान्य आहे. कुठे झालं यावर मात्र एकमत नाही. दक्षिण चीनचं पारडं जड वाटतं, काहीजण ईशान्य भारतही धरतात. चिनी साहित्यातला इ.स.पू. 314 च्या सुमाराचा उल्लेख नेहमी दिला जातो. मोसंबी हे नाव मोझांबिकवरून, बहुधा पोर्तुगीजांच्या काळात आलं असावं, पण म्हणून झाड मूळचं आफ्रिकेतलं ठरत नाही.

महाराष्ट्रात मोसंबी म्हटलं की जालना, तिथल्या फळाला भौगोलिक मानांकनही आहे. पुण्यात ती बंगल्याच्या आवारात एखाददुसरीच. रोप जंबेरी (एक खडबडीत सालीचं लिंबू) किंवा रंगपूर लिंबाच्या खुंटावर डोळा भरलेलं, म्हणजे त्या लिंबाच्या मुळं असलेल्या रोपावर मोसंबीचा डोळा बसवून कलम केलेलं घेतात. बी लावूनही बहुतेकदा आईसारखंच झाड येतं (बीत आईच्याच पेशींपासून गर्भ तयार होतात म्हणून) पण काटे फार आणि फळाला बरीच वर्षं लागतात. डोळ्याचा सांधा मातीच्या वर ठेवायचा, त्याखालून फूट आली की लगेच काढायची, नाहीतर काही वर्षांनी मोसंबी जाते आणि जंबेरीच उरते. पाणी साचलं की बुंध्यातून डिंक गळायला लागतो, चुनखडीच्या जमिनीत पानं पिवळी पडतात.

बागेतल्या झाडाला फळ नाही ही तक्रार बहुतेक वेळा ताण न बसल्याची असते, ताण म्हणजे फुलं यावीत म्हणून काही दिवस पाणी बंद ठेवणं. आंबे बहारासाठी (जानेवारी-फेब्रुवारीत येणाऱ्या फुलांसाठी) हलक्या जमिनीत महिनाभर, भारी काळ्या मातीत त्याहून जास्त दिवस पाणी तोडायचं आणि जानेवारीत परत सुरू करायचं. पण शेजारी गुलाब, तुळस असली की रोजचा पाइप तिकडेच जातो, मग ताण बसणार कसा?

कोवळ्या पानांवर पक्ष्याच्या विष्ठेसारखी दिसणारी अळी ही लिंबावरच्या फुलपाखराची, ती कढीपत्त्यावरही येते, हाताने वेचली तरी भागतं. आंबे बहाराचं फळ फुलापासून नऊ-दहा महिन्यांनी तयार होतं, आणि रात्री उबदार असल्या तर साल हिरवटच राहते, आतून पिकलेलं असलं तरी.