चलान आपलं नाही, म्हणून सोडून द्यायचं?

'वाहतुकीचं चलान चुकून आलं असेल तर काही करू नका, ते आपोआप रद्द होतं' हा फॉरवर्ड बरीच वर्षं फिरतोय. पटण्यासारखा आहे, कारण गुन्हा आपण केलेलाच नसतो. पण यंत्रणेला ते कळणार कसं? कॅमेरा माणूस ओळखत नाही, नंबरप्लेट वाचतो. त्या नंबरापुढे नोंदणीत ज्याचं नाव, त्याला नोटीस जाते. आठ आणि बी, शून्य आणि डी यांत गफलत होते. कधी आपला नंबर दुसराच कुणी त्याच्या गाडीला लावतो. आपण गप्प राहिलो तर दंड थकीत म्हणूनच दिसत राहतो.

आधी चलानावरचा फोटो मोठा करून बघा. गाडीचा रंग, मॉडेल, बंपरवरचा पोचा, काचेवरचा स्टिकर. मग वेळ आणि ठिकाण. त्या वेळी गाडी दुसरीकडे होती, तर पार्किंगची पावतीही कामी येते. हे सगळं जोडून मुदतीत लेखी हरकत घ्या, पोच जपा. नंबर किंवा लायसन्स चोरून वापरल्याचा संशय असेल तर पोलिसांत तक्रारही हवी, नाहीतर पुढचं चलान ठरलेलंच. आणि कटकट नको म्हणून दंड भरू नका. बहुतेक ठिकाणी तो गुन्ह्याची कबुली धरला जातो.